विजेचे हिशेबनीस

दिवाळी अंकात विजेच्या बिलाचा विषय काढणे म्हणजे फराळाच्या ताटात कारल्याची भाजी वाढण्यासारखे आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही वाचकहो, थोडा वेळ हे कारले चाखून पाहावे अशी विनंती आहे. दारातला आकाशकंदील, गॅलरीतल्या माळा, देवापुढचा छोटा लाल दिवा हे सारे ज्या कळेवर चालते, तिचा भाव ठरतो तरी कसा आणि तो ठरवताना आपल्या बाजूने पाटी-पेन्सिल घेऊन कोण बसते, ही गोष्ट चांगली रंगतदार आहे. तीत लबाडी आहे, विद्वत्ता आहे, एक भले मोठे दिवाळे आहे आणि ऐन उमेदीत गेलेला एक माणूसही आहे. कादंबरीकाराला आणखी काय हवे?

मी अर्थशास्त्रज्ञ नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पोट भरतो मास्तरकीवर आणि हौस भागवतो कादंबऱ्यांवर. पण पोरांना नफा-तोटा आणि सरळव्याज शिकवण्यात अर्धे आयुष्य गेल्यामुळे आकड्यांचा वास मला येतो. आणि राहतो तो बाळकुमला. ठाण्याच्या उत्तरेला खाडीकाठी वसलेले हे आगरी-कोळ्यांचे जुने गाव आता टोलेजंग इमारतींच्या पोटात शिरले आहे. येथून जुन्या आग्रा रस्त्याने कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडीची वाट लागते आणि पुढे यंत्रमागांची खटखट सुरू होते. दुसऱ्या अंगाला कळवे. तेथले चारशे केव्हीचे उपकेंद्र म्हणजे मुंबईच्या विजेची एक देवडीच. त्याच्यामागे भिवंडी तालुक्यातले पडघे. थेट चंद्रपूरहून साडेसातशे किलोमीटर धावत आलेली उच्चदाबाची वाहिनी १९९९ पासून येथे उतरते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी या पडघे-कळवे वाहिन्यांवर बिघाड झाला आणि लोकल गाड्यांसकट अवघी मुंबई व ठाणे काही तास ठप्प झाले. तेव्हा विजेच्या महामार्गाच्या कडेलाच आमचे घर आहे म्हणा ना! पुढे जे सांगायचे ते याच ओसरीवर बसून दिसलेले आहे.

आपल्याकडे विजेचा धंदा सुरू झाला तो कारखानदाराच्या हिशेबातून. टाटांनी सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवून १९१५ साली खोपोलीस वीज काढली, ती मुंबईच्या गिरण्यांना कोळशापेक्षा परवडेल म्हणून. जी. आय. पी. रेल्वेला गाड्या विजेवर चालवायच्या होत्या. तिने कल्याण-डोंबिवलीच्या मध्ये ठाकुर्लीजवळ चोळे येथे स्वतःचे वीजघर उभारले, तो सुमार १९२९ चा. ठाकुर्लीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आजही ‘पावर हौस’ हा शब्द असतो. ज्याला वीज हवी त्याने ती करावी, इतका तो सरळ व्यवहार होता. १९६० साली राज्य झाले, वीज मंडळ झाले, कोयनेचे पाणी यंत्रावर पडू लागले, विदर्भात कोळशाची केंद्रे उभी राहिली आणि खेडोपाडी खांब गेले. वीज मंडळ दर ठरवी, सरकार मान डोलावी, लोक बिल भरीत किंवा न भरीत. या दराच्या पोटात काय आहे, हे विचारण्याची चाल नव्हती. माझ्या मते या चाळीस वर्षांतले सर्वांत मोठे नुकसान तेच. खांब पोचले, पण हिशेब विचारण्याची सवय काही खांबांबरोबर पोचली नाही.

बाहेरच्या जगात मात्र हे कोडे सोडवायला शहाणी माणसे केव्हाच बसली होती. जेव्हन्स नावाच्या इंग्रज पंडिताने १८६५ साली ‘द कोल क्वेश्चन’ हा ग्रंथ लिहून एक चमत्कारिक गोष्ट मांडली. इंजिन जितके काटकसरीने कोळसा जाळील तितका देशाचा कोळसा अधिकच खपेल, कारण स्वस्त झालेली शक्ती लोक अधिक कामांना जुंपतात. घरात स्वस्त दिवे आले आणि आपण दोनाच्या जागी वीस माळा लावल्या, तेव्हा जेव्हन्सला बरोबरच ठरवले की! त्यानंतर फ्रान्सात मार्सेल ब्वातो हा गणिती अर्थशास्त्रज्ञ झाला. २०२३ साली एकशे एक वर्षांचा होऊन तो वारला. त्याने १९४९ सालीच दाखवून दिले होते की, संध्याकाळी सगळे एकदम दिवे लावतात त्या घटकेची वीज आणि मध्यरात्रीची वीज या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. त्यांना एकच भाव लावणे म्हणजे गणपतीतल्या फुलांना आणि भर पितृपक्षातल्या फुलांना एकच भाव लावणे होय. फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीने त्याचे ऐकले, एवढेच नव्हे तर पुढे त्याला आपल्या प्रमुखपदी बसवले. ज्याला आज ऊर्जेच्या बाजाराचे अर्थशास्त्र म्हणतात, ते असे घडत गेले. विद्यापीठांतून त्याची अध्यासने झाली, त्यावर जन्म काढणारे प्राध्यापक झाले.

आपल्याला या विद्येची गरज पडली ती १९९२ साली, आणि पडली तीही पाय घसरून पडावे तशी.

१९९१ मध्ये देशाची तिजोरी रिकामी झाली होती. वीज मंडळांकडे नवी केंद्रे बांधायला पैसा नव्हता. परदेशी कंपन्यांना दारे उघडली गेली आणि जून १९९२ मध्ये अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीशी महाराष्ट्राने प्राथमिक करार केला. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरजवळ अंजनवेल-दाभोळच्या खाडीमुखाशी दोन हजार मेगावॅटचे केंद्र उभारायचे होते. जळण म्हणून परदेशातून आणलेला द्रवरूप वायू. जागतिक बँकेकडे कर्ज मागितले, तेव्हा बँकेने १९९३ च्या एप्रिलमध्ये साफ कळवले की, हे केंद्र तुमच्या गरजेच्या मानाने फार मोठे आहे आणि ते रात्रंदिवस चालवायचे झाले तर तुमची स्वतःची स्वस्त कोळशाची वीज बंद ठेवून ही महाग वीज घ्यावी लागेल. सावकारानेच ‘हे कर्ज काढू नका’ म्हणावे, असा प्रसंग इतिहासात थोडा. पण ८ डिसेंबर १९९३ रोजी वीजखरेदीचा करार झालाच.

त्या करारातली मेख समजावून घेण्यासारखी आहे. कल्पना करा, तुम्ही मुलीच्या लग्नासाठी मंगल कार्यालय ठरवले. मालक म्हणाला, “हॉलचे भाडे वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस द्यायचे, लग्न असो वा नसो. कारण माझा हॉल तयार आहे ना! जेवणाचे पैसे ताटागणिक वेगळे, ते बाजारात तांदूळ चढला की चढणार. आणि दोन्ही हिशेब डॉलरमध्ये.” कोणता बाप यावर सही करील? विजेच्या भाषेत पहिल्याला क्षमतेचा आकार म्हणतात, दुसऱ्याला ऊर्जेचा. असे दोन भाग असणे ही मुळीच लबाडी नव्हे. ज्याने केंद्र बांधले त्याला व्याज भरायचेच असते. तुमच्या-आमच्या बिलातही ‘स्थिर आकार’ आणि ‘वीज आकार’ असे दोन रकाने असतात ते याच न्यायाने. प्रश्न असतो तो हॉल केवढा घेतला, भाडे किती ठरवले आणि चलन कोणते धरले याचा. करार झाला तेव्हा डॉलर एकतीस रुपयांच्या आसपास होता. आठ वर्षांत तो सत्तेचाळीसच्या घरात गेला. वीज तीच, तारा त्याच, आणि बिल मात्र आपोआप दीडपट!

हे उदाहरण मी सातवीच्या वर्गात घालून पाहिले आहे. रक्कम बदलली, हॉलच्या जागी भाड्याचा टेम्पो घेतला. वर्गातल्या निम्म्या पोरांनी गणित बरोबर सोडवले. मागच्या बाकावरचा, घरी दोन माग असलेला एक मुलगा मात्र उत्तर न लिहिताच उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, पण एवढा मोठा टेम्पो घेतलाच कशाला?” जागतिक बँकेच्या पत्रातला मुद्दा याहून वेगळा नव्हता.

हा करार बराच काळ लोकांपासून गुप्त होता. रस्त्यावर आंदोलने झाली, गुहागरच्या गावकऱ्यांनी लाठ्या खाल्ल्या, निवडणुकीत तो प्रकल्प समुद्रात बुडवण्याची भाषा झाली. पण करारातल्या कलमांना आकडेमोड लावून ‘याचा अर्थ पुढल्या वीस वर्षांत अमुक’ असे कोणी मांडत नव्हते. हे काम केले ते पुण्याच्या ‘प्रयास’ नावाच्या छोट्या संस्थेतल्या तिघांनी. गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे अशी त्यांची नावे. जून १९९५ मध्ये मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या साप्ताहिकात त्यांनी दाभोळच्या वीजखरेदी कराराची चिरफाड प्रसिद्ध केली. सरकारी धोरणाने खाजगी वीजकेंद्रांना भांडवलावर सोळा टक्के परतावा कबूल केला होता. या कराराच्या रचनेतून तो त्याहून पुष्कळ अधिक कसा निघतो, हे त्यांनी कलमांच्या आधारे दाखवले. घोषणा एकही नाही, विशेषणे जवळजवळ नाहीत, कोष्टके मात्र पानोपान. मला तरी असे लेखन वाचताना नाटकापेक्षा अधिक धडधड होते, पण हे आपले मास्तरी मत झाले.

गिरीश संतांविषयी थोडे सांगितले पाहिजे. ते अर्थशास्त्राचे पदवीधर नव्हते. मुंबईच्या आय. आय. टी.त शिकलेले अभियंते आणि डोंगर चढण्याचा नाद असलेले गिर्यारोहक. त्यांच्याबरोबरीची मुले परदेशात जाऊन घरे-मोटारी करीत होती त्या काळात हा माणूस पुण्यात बसून वीज मंडळाचे जमाखर्च वाचीत होता. शेतीपंप जी वीज खातात तीत वाया किती जाते, सवलतीचा लाभ लहान शेतकऱ्याला होतो की बागायतदाराला, एक युनिट नव्याने निर्माण करण्यापेक्षा एक युनिट वाचवणे किती स्वस्त पडते, असले प्रश्न त्यांनी आणि दीक्षितांनी नव्वदीच्या दशकात हाती घेतले. हे सारे खरे म्हणजे प्राध्यापकाचे काम. विद्यापीठात खुर्ची असावी, संशोधक विद्यार्थी असावेत, ग्रंथालय असावे आणि मग हे व्हावे. पण ती खुर्ची कोणी मांडलीच नव्हती, म्हणून ही मंडळी सतरंजीवर बसली.

खुर्ची अगदीच नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. गोरेगावला रिझर्व्ह बँकेने इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था उभी केली होती आणि किरीट पारीख तिचे संस्थापक संचालक होते. अमेरिकेच्या एम. आय. टी.त अभियांत्रिकीतली डॉक्टरेट आणि अर्थशास्त्र असे दोन्ही करून आलेला हा विद्वान. पुढे ते योजना आयोगाचे सदस्य झाले. २००६ साली देशाच्या एकात्मिक ऊर्जा धोरणाचा अहवाल त्यांच्या अध्यक्षतेखाली तयार झाला. २०१० च्या जूनमध्ये पेट्रोलचा भाव सरकारी बंधनातून सुटला, त्याच्या मुळाशीही त्यांच्याच समितीची शिफारस होती. त्या दिवशी पंपावरच्या रांगेत ज्यांनी नाके मुरडली त्यांना आपण एका प्राध्यापकावर रागावलो आहोत याची कल्पना नसावी. एकाची कारकीर्द संस्थेतून सरकारकडे गेली, दुसऱ्याची सतरंजीवरून सुनावणीकडे. दोघांची गरज होती. पण ज्याला पुस्तकात ‘बाजारातल्या दुबळ्या पक्षाला माहिती मिळणे’ म्हणतात ते आपल्याकडे घडले दुसऱ्या वाटेने, असे माझे स्पष्ट मत आहे.

असो. दाभोळचे पुढे काय झाले? ऑगस्ट १९९५ मध्ये नव्या सरकारने करार रद्द केला आणि वर्षाच्या आतच नव्याने बोलणी करून पुन्हा जिवंत केला. या खेपेस केंद्र घटण्याऐवजी वाढून २१८४ मेगावॅटचे झाले आणि दुसरा टप्पाही गळ्यात पडला. मे १९९६ मध्ये केंद्रातल्या तेरा दिवसांच्या सरकारने जाता जाता हमीपत्रावर मोहोर उठवली. मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली. नाफ्ता महाग झाला, डॉलर चढला आणि वीज महाग म्हणून वीज मंडळ ती कमी घेऊ लागले. आता गंमत पाहा. वीज कमी घेतली तरी हॉलचे भाडे तेवढेच! ते थोड्या युनिटांवर वाटले गेले आणि २००० सालात एका महिन्याला एका युनिटचा भाव सात रुपयांच्या वर गेला. कोळशाची वीज त्या वेळी याच्या एका छोट्या हिश्श्यात मिळत होती. पाच वर्षांपूर्वीच्या कोष्टकांत जे होते ते आता बिलात आले.

२००१ साली माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. केंद्रात गृहसचिव राहिलेले, अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले हे मराठी गृहस्थ भीड न धरण्याबद्दल प्रसिद्ध होते. समितीत किरीट पारीखही होते. अहवालाने कोणा एका पक्षाला फासावर चढवले नाही. एकामागून एक आलेल्या सरकारांच्या हातून कारभार कसा निसटत गेला ते लिहिले आणि ही वीज राज्याला पेलणारी नाही हेही लिहिले. मे महिन्याच्या अखेरीस दाभोळची चाके थांबली. त्याच वर्षी २ डिसेंबरला एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. समुद्रात बुडवायची ती कंपनी आपणहूनच बुडाली, फक्त समुद्र दुसरा निघाला.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात या कंपनीचा दुसरा अवतार चालू होता. तेथे विजेचा खुला बाजार झाला होता आणि २००० च्या उन्हाळ्यात भाव आभाळाला भिडले होते. टंचाई खरी की बनावट, हा प्रश्न. बर्कलेचे सेव्हरिन बोरेन्स्टाईन, जेम्स बुशनेल आणि स्टॅनफर्डचे फ्रँक वोलॅक या अर्थशास्त्रज्ञांनी तासातासाची आकडेवारी घेऊन बसण्याचा चिवटपणा केला. प्रत्येक केंद्राचा खर्च किती, प्रामाणिक स्पर्धेत भाव किती आला असता आणि प्रत्यक्षात किती आला, हे त्यांनी मांडले. भावातला मोठा हिस्सा टंचाईचा नसून विक्रेत्यांच्या अडवणुकीचा आहे, असे निघाले. तो निबंध २००२ साली छापून आला. त्याच वर्षी कंपनीच्या वकिलांची टिपणेही उजेडात आली. तीत कृत्रिम कोंडी करून पैसे काढण्याच्या युक्त्यांना ‘डेथ स्टार’, ‘फॅट बॉय’ अशी नावे दिलेली! कादंबरीत घातली असती तर संपादकांनी अतिशयोक्ती म्हणून खोडली असती. वोलॅक तर तेथल्या बाजारावर नजर ठेवणाऱ्या समितीचे अनेक वर्षे अध्यक्ष होते. म्हणजे तिकडे प्राध्यापकाला पहारेकऱ्याची नोकरी मिळाली होती. आपल्याकडे पहारा होता तो हौशी.

पण या फजितीतून एक चांगली गोष्ट निपजली. ऑगस्ट १९९९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला. दर आता आयोगापुढे जाहीर सुनावणीत ठरणार, आणि त्या सुनावणीत तुम्ही-आम्ही उभे राहून बोलू शकणार! ग्राहकांचे प्रतिनिधी म्हणून आयोगाने ज्या संस्था मानल्या त्यांत मुंबई ग्राहक पंचायत होती, विदर्भातल्या कारखानदारांची संघटना होती, आमच्या खाडीपलीकडची ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन होती आणि ‘प्रयास’ होती.

पहिल्याच फेरीत मोठी पोल बाहेर आली. मराठीत ‘आकडा’ हा शब्द दोन अर्थांचा आहे. एक वहीत मांडतात तो आणि दुसरा तारेवर टाकतात तो. वीज मंडळाच्या वहीतला आकडा सांगे की वाटेत गळती होते ती सतरा-अठरा टक्क्यांची. तारेवरचे आकडे काही निराळेच सांगत होते. गुपित शेतीपंपांत होते. बहुतेक पंपांना मीटर नव्हते; दर अश्वशक्तीवर. मग पंपांनी किती वीज प्यायली हे अंदाजानेच लिहायचे. गळती आणि चोरी जितकी लपवायची असेल तितकी ती शेतकऱ्याच्या नावावर टाकायची. शेतकरी बिचारा शेतात. त्याला ठाऊकच नाही की कागदावर आपण एवढे पाणी उपसले. संत-दीक्षितांच्या आधीच्या अभ्यासाचा येथे उपयोग झाला. पंप किती, ते वर्षाकाठी किती तास चालणे शक्य आहे, पिके कोणती, असा ताळा घेतला गेला आणि २००० सालच्या पहिल्या दरनिश्चितीत गळती तीस टक्क्यांच्या वर असल्याचे आयोगाने नोंदवले. वर्षानुवर्षे ज्याला ‘शेतकऱ्याची सवलत’ म्हणून बोल लावला जात होता, तीत शहरातल्या चोरांचाही वाटा होता.

मला या साऱ्या इतिहासातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. दाभोळमध्ये खलनायक परका होता, त्याला शिव्या देणे सोपे. येथे आरसा आपल्याच घरातला होता.

आणि तो आरसा लवकरच आमच्या अंगणात आला. दाभोळच्या धक्क्यानंतर राज्यात नवी केंद्रे जवळजवळ झालीच नाहीत. २००५ नंतर भारनियमनाने ठाणे, कल्याण, डोंबिवली पिळून निघाली. मेणबत्तीत वह्या तपासल्याच्या काजळखुणा माझ्या जुन्या हजेरीपटावर अजून आहेत. ज्या भागात गळती अधिक व वसुली कमी तेथे अंधार अधिक तास, अशी वर्गवारी लागू झाली. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे तर्कशुद्ध दिसते. चोरीला शिक्षा आणि भरणाऱ्याला बक्षीस. पण शिक्षा होते ती रोहित्राला, माणसाला नव्हे. एका गल्लीत दहाजण आकडे टाकीत असतील तर अकरावा, नेमाने बिल भरणारा, त्यांच्याबरोबरच अंधारात बसतो. मी वर्गात कधी साऱ्या बाकाला शिक्षा केली नाही. गणितज्ञांनी याहून बारीक चाळणी शोधायला हवी होती, असे मला तेव्हाही वाटे आणि आजही वाटते.

भिवंडीत तर निम्म्याहून अधिक विजेचे पैसे वसूलच होत नव्हते. माग चालू, दिवा चालू, पैसे मात्र गायब. जानेवारी २००७ मध्ये तेथील वितरणाचा ठेका टोरेंट कंपनीला दिला गेला. अशा तऱ्हेचा देशातला हा पहिलाच प्रयोग. युक्ती साधी होती. वेशीवर जितकी वीज दिली तिचे पैसे कंपनीने सरकारी वितरण कंपनीला भरायचे, आत गळती झाली तर नुकसान कंपनीचे. गळती झपाट्याने उतरली, आणि त्याबरोबर जादा बिलांच्या, जबरदस्तीच्या तक्रारींचे मोर्चेही निघाले. मागवाल्यांचे एक म्हणणे, कंपनीचे दुसरे. माझ्या वर्गात मागवाल्यांची मुले असतात, म्हणून निकाल देण्याचा मोह मी आवरतो. इतके मात्र खरे की, जेव्हा मीटर आला तेव्हाच भांडण करण्याजोगा आकडाही आला.

त्यानंतरचा बाजार आता पार बदलला आहे. २००८ च्या जूनपासून आपल्या देशात विजेचा सौदाबाजार चालतो आणि दर पंधरा मिनिटांचा वेगळा भाव निघतो. ब्वातो म्हणत होता ते हेच. दुपारी ऊन रणरणते तेव्हा सौरवीज स्वस्त, आणि दिवेलागणीला भाव चढलेला. यातूनच शेतीची एक जुनी गाठ सुटू लागली. पंपाला रात्री वीज मिळते आणि सापा-विंचवांतून शेतकऱ्याला पाणी द्यायला जावे लागते, ही रड पिढ्यांची. ‘प्रयास’च्या अभ्यासकांनी मांडले की, शेतीच्या वाहिनीच्या मुळाशीच सौर प्रकल्प बसवा, दिवसा वीज, जवळच निर्मिती, म्हणून गळती कमी आणि सवलतीचा बोजाही हलका. २०१७ साली राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली, तीत ही कल्पना उतरली आहे.

गिरीश संतांना हे पाहायला मिळाले नाही. २०१२ च्या फेब्रुवारीत, पन्नाशीही न गाठता, ते अकस्मात गेले. त्यांच्या नावाने तरुण संशोधकांना एक शिष्यवृत्ती दिली जाते. सुबोध वागळे पुढे अध्यापनात गेले. म्हणजे सतरंजीवरचा एकजण अखेर वर्गात शिरला. मास्तर म्हणून मला त्याचा विशेष संतोष आहे. दीक्षित आणि त्यांचे सहकारी सुनावण्यांना जात राहिले. आयोगापुढचे ते शेकडो पानी अर्ज मिळवून वाचण्याचा मी एकदा प्रयत्न केला. तिसाव्या पानावर झोप आली. ही माणसे तीनशेवे पान वाचतात आणि त्यावरची तळटीप शोधून काढतात, तेव्हा कुठे आपल्या बिलातले पंधरा-वीस पैसे वाचतात.

दाभोळच्या त्या केंद्राचे काय झाले, असे कोणी विचारील. २००५ साली सरकारी कंपन्यांनी ते हाती घेतले आणि त्याचे रत्नागिरी गॅस अँड पॉवर असे नामकरण झाले. वायूअभावी ते कित्येकदा निजून राहिले. मग २०१५ च्या अखेरीस रेल्वेने त्याची वीज विकत घ्यायला सुरुवात केली, युनिटला पाच रुपयांच्या आत. पुढे काही वर्षे मध्य रेल्वेच्या गाड्यांच्या तारांत दाभोळची वीज खेळत होती. चोळ्याचे वीजघर बंद पडून तेव्हा कित्येक वर्षे झाली होती. मुंबईहून कल्याणला जाणारी लोकल ठाकुर्लीवरून जाई, ती त्या जुन्या पावर हौसाच्या जागेजवळून, अंजनवेलच्या विजेवर. डब्यातल्या गर्दीला त्याची खबर असण्याचे काही कारण नव्हते.